गिलावा कोणत्या फाईलमध्ये सापडतो?

पेट निघाली, गाईड मिळाले, आरआरसीची तारीख डोक्यावर आली आणि विषय अजून ठरत नाही, अशा अवस्थेत तुमच्यापैकी बरेच जण असतील. इतिहासाच्या विद्यार्थ्याला मग हमखास किल्ला, घराणं नाहीतर सत्याग्रह आठवतो. विषय वाईट नाहीत, पण त्यावर आधीच दहा प्रबंध झालेले असतात. आज मी तुम्हाला एक वेगळा विषय दाखवतो. तो तुमच्या पाठीमागेच आहे, म्हणजे ज्या भिंतीला टेकून तुम्ही हे वाचताय ती भिंत. आणि भिंतसुद्धा पूर्ण नाही, तिच्यावरचा फक्त अर्धा-पाऊण इंचाचा थर. आपण त्याला प्लास्टर म्हणतो, जुनी माणसं गिलावा म्हणतात, आणि खेड्यात भिंत मातीची असेल तर 'छाबणं' म्हणतात.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? तर आधी शब्दच बघा. गिलावा हा शब्द फारसीतून आला. गिल म्हणजे माती आणि आब म्हणजे पाणी. म्हणजे मुळात गिलावा म्हणजे चिखलच. नंतर चुन्याच्या लेपालाही तोच शब्द लागला, आणि आज मिस्त्री सिमेंटच्या लेपाला बिनदिक्कत गिलावा म्हणतो. वस्तू तीनदा बदलली, शब्द तोच राहिला. जुन्या कागदात 'गिलावा केला' असं वाचलं की लगेच चुना डोळ्यासमोर आणायचा नाही, हा पहिला धडा इथेच मिळतो. कोणत्या शतकातला कागद, कोणत्या गावचा, कुणाच्या घराचा, हे विचारल्याशिवाय त्या एका शब्दाचा अर्थ लागत नाही.

अमरावती शहराचा परकोट १८०७ साली निजामाच्या राजवटीत पेंढाऱ्यांच्या भीतीने बांधला, हे तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. बाळापूरचा किल्ला एलिचपूरच्या इस्माईलखानाने १७५७ मध्ये पुरा केला, हेही मिळेल. पण त्याच परकोटाच्या आतल्या साध्या घराची भिंत कोणत्या साली बांधली? याला उत्तर नाही, आणि खरं तर प्रश्नच चुकीचा आहे. मातीची भिंत एकदा बांधून होत नाही. ती दरवर्षी थोडी पावसात जाते आणि दरवर्षी थोडी परत लावली जाते. पन्नास वर्षं उभ्या असलेल्या भिंतीचा बाहेरचा थर गेल्या दिवाळीचा असू शकतो. आपल्या इतिहासलेखनाला बांधणाऱ्याची तारीख लागते, आणि सांभाळणाऱ्याच्या कामाला तारीखच नसते. म्हणून ते काम कागदावर येत नाही. आणि ते काम बहुतेक बायकांचं होतं, हेही न येण्याचं एक कारण आहे.

काळी आणि पांढरी

वऱ्हाडात शिवाराला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी. हा नुसता रंगाचा फरक नाही. काळी माती कपाशीला उत्तम, पण भिंतीला वैरीण. तिच्यातली चिकणमाती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात पडणाऱ्या हातभर खोल भेगा तुम्ही पाहिल्या असतीलच. तीच माती भिंतीला लावा, आठ दिवसांत तशाच भेगा भिंतीवर दिसतील. म्हणून भिंत छाबायला आणि धाब्यावर टाकायला पांढरी माती शोधत.

ही पांढरी माती येते कुठून? जुन्या वस्तीच्या टेकाडातून, पडलेल्या गढीतून. शेकडो वर्षं लोक एका जागी राहिले, चुली पेटल्या, राख पडली, भिंती पडल्या, त्यावर परत घरं झाली. त्या सगळ्याचा मिळून जो थर झाला तो राखाडी-पांढुरका आणि भुसभुशीत असतो. तो काळ्या मातीसारखा फुगत नाही. पुरातत्त्वाचे अभ्यासक नेमकी हीच पांढरीची टेकाडं शोधत गावोगाव फिरतात. अमरावती जिल्ह्यात वर्धा नदीकाठच्या कौंडिण्यपूरला मोरेश्वर दीक्षितांनी १९६०च्या दशकात उत्खनन केलं, ते अशाच जुन्या वस्तीचं.

मग विचार करा. गावातल्या बायाबापड्यांनी गढीची माती टोपल्याने आणून घर छाबलं, म्हणजे जुन्या गावाच्या मातीने नवं गाव लिंपलं. जुन्या घराचा पोपडा हातात घेऊन नीट बघा, त्यात खापराचा तुकडा, कोळशाचा कण, क्वचित बांगडीचा काच मिळतो. तो खापराचा तुकडा त्या भिंतीच्या काळाचा नसतो! पृष्ठभागावर सापडलेल्या वस्तूवरून वास्तूचा काळ ठरवू नका, असं मेथडॉलॉजीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. त्याचं याहून सोपं उदाहरण मला अजून सापडलेलं नाही. दुसरी बाजू अशी की घर सांभाळायच्या या कामाने टेकाडंही पोखरली गेली. यात दोष कुणाला द्यायचा, हा प्रश्न मी सोडून देतो. ज्याच्या डोक्यावर झड सुरू आहे त्याला स्तरविज्ञान सांगून उपयोग नसतो.

आता माती तयार करायची रीत. ही नीट समजून घ्या, कारण मुलाखतीला गेल्यावर तुम्हाला ती माहीत आहे की नाही यावरून समोरची आजी तुमच्याशी किती बोलायचं ते ठरवते. माती चाळून, खडे काढून, आळं करून त्यात पाणी सोडायचं. त्यात गव्हांडा किंवा कुटार टाकायचं आणि पायांनी तुडवायचं. मग तो गारा काही दिवस मुरू द्यायचा. मुरताना काडी कुजते, तिचा चिकटपणा मातीत उतरतो, आणि जी काडी उरते ती भेगेला आडवी जाऊन धरून ठेवते. आज काँक्रीटमध्ये तंतू घालतात, त्यामागचं तत्त्व हेच. पहिला हात जाड. तो वाळला की बारीक चिरा पडतात, मग पातळ दुसरा हात. त्यावर शेण-मातीचं सारवण, आणि शेवटी पांढऱ्या मातीने नाहीतर चुन्याने पोतारणं. भिंत कुडाची असेल, म्हणजे तुराट्या-पऱ्हाट्यांची, तर दोन्ही बाजूंनी एकाच वेळी छाबावं लागतं, म्हणजे दोन्हीकडची माती काड्यांच्या फटीतून एकमेकीला धरते. मेळघाटात कोरकूंच्या घरांना बांबू-काड्यांच्या कुडावर असंच लिंपण असतं.

वेळही ठरलेली होती. पावसाळ्याआधी धाब्याची डागडुजी आणि ज्या बाजूने झड मारते त्या भिंतीला झापा. पाऊस ओसरला की भिंती. भादव्यात महालक्ष्म्या बसायच्या आधी निदान आतलं घर, आणि दसरा-दिवाळीला सगळं. सण हे या कामाचं वेळापत्रक होतं. हे वेळापत्रक ध्यानात ठेवा, कारण पुढे सरकारच्या फाईलमध्ये ते अचानक 'अडथळा' म्हणून भेटणार आहे.

अजिंठा वाशीमपासून फार लांब नाही

या विषयाला 'वरचा' इतिहास नाही असं कुणाला वाटत असेल तर त्याला वत्सगुल्म दाखवा. वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच होतं. तिथल्या वाकाटक शाखेचा हरिषेण राजा, त्याचा मंत्री वराहदेव, आणि वराहदेवाने दान दिलेलं अजिंठ्याचं सोळावं लेणं, ही साखळी तुम्ही एमएला शिकलात. पण ती चित्रं कशावर काढली? मातीच्या गिलाव्यावर. काळ्या खडकावर मातीत तूस आणि झाडांचे तंतू मिसळून केलेला लेप, त्यावर पातळ पांढरा थर, आणि मग रंग. म्हणजे ज्या रीतीने तुमच्या आजीने माजघर छाबलं त्याच जातीचं काम.

२०१६ साली 'करंट सायन्स'मध्ये राजदेव सिंग आणि सरदेसाई यांचा एक लेख आला. त्यांनी वेरूळच्या मातीच्या लेपात भांगेच्या झाडाचे तंतू ओळखले. त्यांचं म्हणणं असं की या तंतूंमुळे वेरूळच्या लेपाला कीड कमी लागली, आणि अजिंठ्याच्या लेपात ते नसल्याने तिथे किडीने बरंच नुकसान केलं. एक पुरातत्त्व खात्यात काम केलेला रसायनतज्ज्ञ, दुसरा वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक. इतिहासाचा माणूस त्यात नाही. याची मला थोडी हळहळ वाटते. विषय आपल्या दारात होता, आणि दार दुसऱ्यांनी उघडलं.

अजिंठ्याची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. १९२०-२२ च्या सुमारास निजाम सरकारने चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना चित्रं सांभाळायला आणलं. सुटलेले पोपडे त्यांनी परत बसवले, हे चांगलंच झालं. पण चित्रांवर लाखेचं वॉर्निश चढवलं गेलं. ते काळाच्या ओघात पिवळं-काळपट पडलं आणि रंग झाकले गेले. नंतरच्या पिढीतल्या रसायनतज्ज्ञांना ते काढत बसावं लागलं. वरचा थर चकचकीत आणि बंद, आतला थर मातीचा आणि श्वास घेणारा, अशी जोडी जमत नाही. आज आपल्या गावात मातीच्या भिंतीवर सिमेंट थापतात तेव्हा तीच जोडी परत लावली जाते.

लोणा

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा तुम्हाला शेतीच्या संदर्भात माहीत असेल. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत तो पसरला आहे. जमिनीखालचं पाणी खारं. अकोल्याजवळ दहिहांड्याकडे जुन्या काळी खाऱ्या विहिरींच्या पाण्यापासून मीठ काढत, ब्रिटिश काळात ते बंद पडलं. हे मीठ पिकाला काय करतं यावर कृषी विद्यापीठात भरपूर काम झालं. ते भिंतीला काय करतं, हे मात्र जो त्या घरात राहतो त्यालाच माहीत.

होतं असं, की जमिनीतली ओल भिंतीत वर चढते आणि सोबत विरघळलेलं मीठ घेऊन येते. ओल भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जाते, मीठ तिथेच राहतं. त्याचे स्फटिक होतात, ते वाढतात आणि लेपाला आतून ढकलतात. हाताने चोळलं तर पीठ पडतं. हाच लोणा. भिंत मातीने छाबलेली असेल तर तेवढा थर गळतो, पुढच्या वर्षी नवा लावता येतो. लेप जातो, भिंत वाचते. सिमेंटचं प्लास्टर मारलं की ओलीला बाहेर पडायची वाट बंद होते. ती आणखी वर चढते, कमरेएवढी होती ती डोक्यापर्यंत जाते. मीठ प्लास्टरच्या मागे साचतं. बाहेरून भिंत ठणठणीत दिसते, बोटाने वाजवली की पोकळ आवाज येतो. आत माती भिजून तिचा जोर गेलेला असतो. मग एका झडीत भिंत बसते, आणि लोक म्हणतात, आत्ताच तर पक्की केली होती.

इथे मला तुम्हाला सावध करायचं आहे. यावरून 'जुनं ते सोनं, सिमेंट वाईट' असा प्रबंध लिहू नका. दरवर्षी छाबायचं म्हणजे कुणाच्या तरी कमरेचा काटा ढिला व्हायचा. दुपारी कपाशी वेचून आलेली बाई संध्याकाळी गारा तुडवायची. सिमेंटने ते काम संपवलं, आणि ज्या बायकांनी ते केलं त्यांना ते परत नको आहे. कोणत्याही गावात विचारून बघा. मातीच्या घराचं कौतुक करणारे बहुतेक जण ते न लिंपणारे असतात. वर्धा नदीपलीकडे सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. तिथली बापूकुटी आजही उभी आहे, तिच्या भिंतीवर मीराबेननी मातीत उठवलेली ताडाची झाडं आहेत. पण ती उभी आहे कारण तिची डागडुजी करायला एक संस्था आहे, माणसं आहेत. ज्या घरात ती माणसं शहरात गेली, त्या घराचं काय होतं हे तुम्ही तुमच्या गावी पाहिलं असेल.

मग पुरावे कुठून आणायचे?

आता मुद्द्याचं. नागपूरच्या पुराभिलेखागारात जाऊन 'गिलावा' अशी फाईल मागितली तर कुणी देणार नाही, कारण तशी फाईल नाही. ज्या कामाला कुणी काम मानलं नाही त्याचं खातं नसतं. पण ते काम जेव्हा जेव्हा दुसऱ्या कुणाच्या कामाच्या आड आलं, तेव्हा तेव्हा त्याची नोंद झाली. त्यामुळे शोधायचं ते दुसऱ्यांच्या फाईलमध्ये.

सगळ्यात चांगलं उदाहरण हिवतापाचं. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये त्याचा निर्मूलन कार्यक्रम झाला. पद्धत अशी की घराच्या आतल्या भिंतींवर डीडीटी फवारायचं. डास चावल्यावर भिंतीवर बसतो, तिथे त्याच्या पायाला औषध लागतं आणि तो मरतो. औषधाचा परिणाम काही महिने राहावा अशी अपेक्षा. पण मातीच्या भिंतीने घोळ केला. एक तर माती औषध आत शोषून घेते, ते पृष्ठभागावर कमी उरतं. आणि दुसरं, फवाऱ्याच्या फेऱ्या पावसाळ्यात आणि त्यानंतर, म्हणजे नेमक्या पोळा, महालक्ष्म्या, दसरा, दिवाळीच्या तोंडावर. बाई घर सारवते, पोतारते, आणि सरकारचं औषध नव्या थराखाली गाडलं जातं. त्यामुळे फवारणीनंतर दोन-तीन महिने भिंती लिंपू नका, चुना मारू नका, अशा सूचना द्याव्या लागल्या. हिवताप खात्याच्या दृष्टीने हा अडथळा. तुमच्या दृष्टीने हा खजिना! कोणत्या भागात किती घरं किती दिवसांत परत लिंपली जातात, हे विचारायची गरज इतिहासात पहिल्यांदा एका खात्याला पडली. मेळघाटासारख्या हिवतापाच्या भागात काम करायचं असेल तर ही कागदपत्रं आधी बघा. फवारणी करणारे दारावर-भिंतीवर तारीख आणि घर क्रमांक लिहून जात. जुन्या दाराच्या फळीवर कधी कधी ते आकडे अजून वाचता येतात.

दुसरी जागा जनगणना. १९६१ पासून घरयादीत भिंतीचं आणि छपराचं साहित्य विचारायला लागले. माती, कच्ची वीट, पक्की वीट, दगड, गवत-बांबू, असे रकाने. दशकामागून दशक तुलना करता येते, जिल्हावार तक्ते मिळतात, सिनॉप्सिसमध्ये आकडे टाकायची सोय होते. पण तक्ता काय विचारत नाही तेही बघा. तो भिंत कशाची ते विचारतो, लेप कशाचा ते नाही. कच्च्या विटेच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर असेल तर तक्त्यात ती मातीचीच, आणि गावाच्या नजरेत मात्र पक्की. या दोन नजरांमधली फट हाच एक स्वतंत्र प्रकरणाचा विषय होईल.

तिसरी जागा सिमेंट. भारतात पोर्टलँड सिमेंटचं व्यापारी उत्पादन १९१४ मध्ये पोरबंदरला सुरू झालं. पण वऱ्हाडातल्या साध्या घरापर्यंत यायला त्याला फार वर्षं लागली. त्याआधी कापसाच्या पैशाने काय केलं ते बघा. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवीत आपल्या कापसाला भाव आला, आणि १८६७ मध्ये रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. अकोला, अमरावती, खामगावात व्यापाऱ्यांचे विटा-चुन्याचे वाडे उठले. चुना दूरवरून आणायची गरज नव्हती, काळ्या मातीतच चुनखडीचे खडे सापडतात. ते भट्टीत भाजायचे, विझवायचे, आणि बैलाच्या घाणीत वाळूबरोबर मळायचे. त्यात गूळ, बेलफळ, हिरडा घालत. या वाड्यांच्या हिशेबाच्या वह्या अजून काही घरांत आहेत. त्यात चुना, बैल आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेली सापडली तर तुमचं अर्धं काम झालं.

स्वातंत्र्यानंतर सिमेंटवर नियंत्रण होतं. परवाना लागायचा, पोत्यांची संख्या ठरायची. महाराष्ट्रात याच सिमेंटच्या वाटपावरून अंतुल्यांचं मुख्यमंत्रिपद गेलं, जानेवारी १९८२ मध्ये. पुढच्याच महिन्यात केंद्राने नियंत्रण अंशतः उठवलं आणि १९८९ च्या मार्चमध्ये पूर्ण. राजकारणाचे अभ्यासक इथे थांबतात. तुम्ही थांबू नका. दहा पोती मंजूर झाली की घरवाला ती कशात घालेल? आधी पायात, मग बीममध्ये, स्लॅबमध्ये. गिलाव्याचा नंबर शेवटी. म्हणून १९८२ च्या आधीच्या अनेक घरांत समोरच्या खोलीला सिमेंट, मागच्या खोलीला चुना नाहीतर माती असा प्रकार दिसतो. नियंत्रण उठल्यावर मागच्या भिंतींना सिमेंट लागलं. एका धोरणाची तारीख तुम्हाला घराच्या खोल्यांमध्ये वाचता येते. घरकुलाच्या घरांचंही तसंच बघा. कित्येक ठिकाणी हप्ता स्लॅबपर्यंत पुरतो, आतून प्लास्टर होतं आणि बाहेरून वीट उघडी राहते.

या सगळ्याच्या जोडीला मुलाखती. 'घर कोणी बांधलं?' असं विचारलं की पुरुष बोलतो, आजोबांचं नाव सांगतो आणि विषय संपतो. 'माती कुठून आणायच्या? टोपलं कितीचं? कुटार घरचं की मागून? पहिला हात आणि दुसरा हात यात किती दिवस? हात फुटायचे तेव्हा काय लावायच्या?' असं विचारा, आणि आतल्या खोलीतून आवाज येतो. प्रश्न बहुवचनी, आदराने विचारा आणि घाई करू नका. मजुरीने कोण यायचं तेही विचारा. बेलदार, वडार, गवंडी, यांच्या घरी वेगळं जा. मालकाच्या ओट्यावर बसून मजुराची मुलाखत होत नाही.

भिंत फोडायच्या आधी

या विषयात एक अडचण अशी आहे की पुरावा रोज नष्ट होतो, आणि तो नष्ट करणारा माणूस कोणी शत्रू नसून घर चांगलं ठेवणारा घरमालक असतो. जुनं खरवडल्याशिवाय नवा गिलावा धरत नाही, त्यामुळे मिस्त्री ते खरवडणारच. तुमच्या घरी किंवा शेजारी या दिवाळीनंतर काम निघणार असेल तर त्याच्या एक दिवस आधी तिथे जा.

आधी चारही भिंतींचे फोटो घ्या, फोटोत मोजपट्टी दिसू द्या. मग एखाद्या कोपऱ्यात, दाराच्या चौकटीमागे किंवा फडताळात, जिथे जुने थर खरवडले गेलेले नसतात तिथे, तळहाताएवढा पोपडा अलगद काढा. तो प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, ओल धरतो. कागदाच्या पाकिटात ठेवा आणि वर गाव, खोली, भिंतीची दिशा, जमिनीपासूनची उंची आणि तारीख लिहा. कडेने भिंगातून बघितलं की थर मोजता येतात: माती, शेण, पांढरं, निळीची झाक असलेला चुना, परत पांढरं, मग डिस्टेंपर. थर मोजून वर्षं काढायच्या मोहात पडू नका. दुष्काळाच्या वर्षी, सुतकाच्या वर्षी पोतारलेलं नसतं, आणि लग्नाच्या वर्षी दोनदा होतं. चुना आहे का हे बघायला लिंबाचा थेंब टाकतात, फेस आला तर चुना. पण सिमेंटलाही थोडा फेस येतो आणि आपल्या मातीतल्या चुनखडीच्या कणांनाही, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष लिहू नका. बाहेरच्या भिंतीवर जाहिरात, कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण किंवा निवडणुकीची निशाणी दिसली तर तिचा फोटो वेगळा घ्या. अख्ख्या भिंतीत नक्की तारीख सांगणारा तोच एक थर असू शकतो.

आणि मिस्त्री आला की त्याच्यासोबत उभे राहा, त्याच्या कामाचीही नोंद घ्या. विटांचे सांधे तो किती खोल खरवडतो, काँक्रीटला टाचे मारतो का, भिंत आदल्या दिवशी भिजवतो का, माल कालवल्यावर किती वेळात संपवतो, हे सगळं लिहा. सिमेंटचा माल अर्ध्या-पाऊण तासात आवळायला लागतो, नंतर पाणी टाकून तो परत 'जिवंत' केला की ताकद गेली. आय.एस. १६६१ या मानकात प्लास्टरला निदान सात दिवस पाणी मारायला सांगितलं आहे. आता बाजारात बहुतेक सिमेंट राखमिश्रित येतं, त्याला दहा दिवस धरलेले बरे. बाळापूर तालुक्यातल्या पारसला विजेचं केंद्र आहे. अशा केंद्रांची राख सिमेंटमध्ये जाते, म्हणजे राखेचा आणि भिंतीचा जुना संबंध पांढरीनंतर परत जुळला म्हणायचा. मे महिन्यात अकोल्यात पारा पंचेचाळीसवर असताना प्लास्टर काढणारा माणूस पाणी मारून दमतो, दुपारी भिंत परत कोरडी. तेव्हा ओलं तरट टांगतात, नाहीतर काम दिवाळीनंतर ढकलतात. म्हणजे सण सुटला तरी ऋतू सुटला नाही.

खारपाणपट्ट्यात असाल तर एक नोंद जरूर घ्या: प्लास्टरला पाणी कुठलं वापरलं? अकोट-तेल्हाऱ्याकडे वान धरणावरून ८४ खेडी योजनेचं गोडं पाणी येतं, ते प्यायला पुरलं तर पुरलं. बांधकामाला बोअरचं खारं पाणी घेतलं की मीठ पहिल्या दिवसापासूनच मालात शिरतं. दोन घरं निवडा, एक गोड्या पाण्याचं आणि एक खाऱ्याचं. दर सहा महिन्यांनी त्याच जागेचा, त्याच उंचीवरून, तशीच मोजपट्टी धरून फोटो घेत राहा. प्रबंधाला चार-पाच वर्षं लागतातच. तेवढ्या काळात लोणा किती इंच वर चढला ते तुमच्याकडे असेल, आणि माझ्या माहितीत तरी ते अजून कुणाकडे नाही.